नुसते मेगावॅट नकोत, तासही सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विजेची कमाल मागणी भागवण्यासाठी बॅटरी साठवण प्रकल्प उभारण्याच्या घोषणा आता वारंवार वाचायला मिळतात आणि त्यांचे मी मनापासून स्वागत करतो. मात्र या बातम्यांत पुष्कळदा फक्त मेगावॅटचा, म्हणजे एका वेळी किती वीज देता येईल याचा, आकडा असतो. साठवलेली वीज किती वेळ पुरेल हे ज्यावरून कळते, तो मेगावॅट-तासांचा आकडा वगळलेला असतो.

या दोन आकड्यांतील फरक किरकोळ नाही. दक्षिण ऑस्ट्रेलियात हॉर्न्सडेल येथे २०१७ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाची मूळ क्षमता १०० मेगावॅट आणि १२९ मेगावॅट-तास होती, म्हणजे पूर्ण क्षमतेने चालवल्यास तो सव्वा तासात रिकामा होणार. एखादे वीजकेंद्र अचानक बंद पडल्यावर वीजजाळ्याची वारंवारता (प्रवाहाची दर सेकंदाची आवर्तने) क्षणार्धात सावरायला एवढा साठा उत्तम आहे; संध्याकाळभर मागणी भागवायला तो अपुरा आहे. कॅलिफोर्नियात ऑगस्ट २०२० मधील उष्णतेच्या लाटेत जे भारनियमन करावे लागले, ते संध्याकाळचेच होते, कारण सूर्य मावळताना सौर वीज घटत गेली आणि वातानुकूलन यंत्रांचा भार मात्र टिकून राहिला. त्यानंतर तेथे मुख्यतः चार तास पुरणाऱ्या बॅटऱ्या बसवण्यात आल्या आणि २०२४ पर्यंत त्यांची क्षमता १०,००० मेगावॅटच्या पुढे गेली.

मागणीचा आलेख डोंगरासारखा असतो, माथ्याशी अरुंद आणि खाली रुंद. समजा, १००० मेगावॅटच्या मागणीतील वरचे ५० मेगावॅट तासभरच लागतात, तर ते छाटायला, म्हणजे बॅटरीतून भागवायला, ५० मेगावॅट-तासांपेक्षा कमी साठा पुरतो. पण १०० मेगावॅट छाटायचे ठरवले आणि तेवढे खाली आल्यावर आलेखाची रुंदी तीन तासांवर गेली, तर छाटणी दुप्पट होऊनही साठा दुपटीहून बराच अधिक लागतो. म्हणूनच पहिली छाटणी सर्वांत किफायतशीर ठरते आणि पुढची प्रत्येक अधिक महाग पडते. हा हिशेब मांडल्याखेरीज क्षमता ठरवणे मला बेजबाबदारपणाचे वाटते.

बॅटरी वीज निर्माण करत नाही, उलट भरताना आणि रिकामी होताना साधारण १० ते १५ टक्के वीज वाया जाते. त्यामुळे ती दुपारच्या अतिरिक्त सौर विजेवर भरणार की अन्य कशावर, हेही जाहीर व्हायला हवे. जागेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. भार वाढून तापणाऱ्या उपकेंद्राशेजारी बॅटरी बसवली, तर तेथील रोहित्रावरचा आणि वीजवाहिन्यांवरचा ताण कमी होतो. दूरच्या सौर प्रकल्पाजवळ बसवल्यास त्या उपकेंद्राला हा दिलासा मिळत नाही.

सुरक्षिततेची शंका रास्त आहे. जानेवारी २०२५ मध्ये कॅलिफोर्नियातील मॉस लँडिंग येथे इमारतीत दाटीने ठेवलेल्या बॅटऱ्यांना मोठी आग लागली आणि परिसरातील लोकांना हलवावे लागले. तुलनेने कमी ज्वालाग्राही असलेल्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटऱ्या, उघड्यावर, एकमेकींपासून अंतर राखलेल्या कंटेनरमध्ये बसवल्यास हा धोका बराच घटतो, पण त्याची अट कंत्राटातच असली पाहिजे.

यापुढे अशा प्रकल्पाची बातमी देताना मेगावॅटसोबत मेगावॅट-तास, जागा आणि बॅटरीचा प्रकारही छापावा, आणि घोषणेत ही माहिती नसल्यास आपल्या वार्ताहरांनी ती संबंधितांकडून मागून घ्यावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक