बाई, तुमच्या संस्कृतच्या लृङ् लकारामुळं मला स्पॅनिश आलं

आदरणीय बाईंना,
सा. न. वि. वि.

फोनवर हे नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहितोय. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण मंगळवार पेठेत तुमच्या सोप्यावर त्या संध्याकाळी मला जे उमगलं ते स्पॅनिश शिकणाऱ्या इतरांनाही मिळावं.

शिरोलीच्या फाउंड्रीत मेक्सिकोच्या गिऱ्हाइकांची पत्रं माझ्याकडं असतात. अदबीनं काही मागायचं तर त्या भाषेत, म्हणजे स्पॅनिशमध्ये, संकेतार्थाची ('आवडेल', 'झालं असतं' अशा अर्थाची) रूपं लागतात. क्लासमध्ये सहा रूपांचा तक्ता मिळाला, तेवढंच. वर्तमानकाळात 'आब्लार' (बोलणे) मधला 'आर' काढून प्रत्यय लावतात, तसाच मी इथंही काढायचो आणि 'आब्लीआ' असं भलतंच रूप लिहायचो. पाठ करून करून रडकुंडीला आलो होतो.

तुम्हाला स्पॅनिशचा एक शब्द ठाऊक नव्हता. तरी तुम्ही वही ओढलीत आणि म्हणालात, "आधी भविष्यकाळ वाच." आब्लारे, आब्लारास, आब्लारा... "धातू अख्खाच आहे की गं! आता त्यांच्या साहाय्यक क्रियापदाचा भूतकाळ वाच." मी 'आबेर'चा वाचला: आबीआ, आबीआस, आबीआ, आबीआमोस, आबीआइस, आबीआन. तुम्ही प्रत्येकातलं 'आब' खोडलंत आणि उरलेलं 'आब्लार'पुढं मांडलंत. आब्लारीआ, आब्लारीआस, आब्लारीआ, आब्लारीआमोस, आब्लारीआइस, आब्लारीआन. सहाही बिनचूक!

मग खाली तुम्ही संस्कृतातलं 'भविष्यति' (होईल) आणि 'अभविष्यत्' (झालं असतं) लिहिलंत. भविष्याचं अंग, भूतकाळाचे प्रत्यय. हाच लृङ्, संस्कृतचा संकेतार्थ. जे झालं असतं ते सांगायला दोन्ही भाषांनी एकच वाट धरली, हे बघून माझ्या अंगावर काटा आला. नंतर वाचलं, की लॅटिनमधून उतरताना 'बोलायचं होतं' अशाच जोडणीतून ही रूपं घडली.

त्यानंतर 'कोमेर'चं कोमेरीआ, 'बिबिर'चं बिबिरीआ आपसूक झालं. आर, एर, ईर, तिन्ही गटांना प्रत्यय तेच. जोर प्रत्येक वेळी 'ई'वर. 'मे गुस्तारीआ' तर आपलं 'मला आवडेल'च, तिथंही 'मी' नाही, 'मला'.

आणि बाई, 'आब्लारीआ' बाईला आणि पुरुषाला एकच. पुण्याला शिकत असताना मुलगी असून मी 'मी जातो, मी येतो' म्हणायचो, त्याला पोरी हसायच्या, तेव्हापासून परक्यांसमोर मी जपून बोलायचो. तुम्ही म्हणालात, "आपल्या कोल्हापूरच्या बायका बोलतात तसंच बोल." व्याकरणाइतकंच ते वाक्य मला लागत होतं.

परवा गिऱ्हाइकाला 'नोस गुस्तारीआ' (आम्हाला आवडेल) असं सुरू करून नकाशा (ड्रॉइंग) मागवला, तक्ता न बघता. त्याच दिवशी आला.

तुमचे आभार कसे मानू कळत नाही. 'तेनेर'चं तेन्द्रीआ, 'आसेर'चं आरीआ, अशी डझनभर क्रियापदं अंग बदलतात, पण भविष्यकाळात बदलतात तशीच. हे मात्र मी स्वतः शोधलंय, तुम्हाला दाखवायचंय. रविवारी सकाळी येतो, वही घेऊन.

तुमची,
खालच्या आळीतली विद्यार्थिनी