काट्यावरच्या काकांना

काका,

साष्टांग नमस्कार.

तुम्हाला मोबाइलवर वाचता येत नाही, म्हणून तुमचा नातू हे वाचून दाखवेल या भरवशावर लिहिते आहे. चारचौघांनी वाचावं म्हणून उघड लिहिते. तुमचं नाव टाकलं नाही, माझंही नाही. गेल्या हंगामात आपल्या जिनिंगवर, म्हणजे कापसातून सरकी काढतात त्या कारखान्यावर, ज्यांनी ज्यांनी कापूस आणला ते ओळखतीलच.

परवा नवा हंगाम सुरू झाला. वजनकाट्याची पूजा झाली, नारळ फुटला, पेढे वाटले. तुमच्या खुर्चीवर आता एक नवा पोरगा बसतो, कामाला चांगला आहे. दुपारी एकच्या सुमारास रांगेतल्या पिकअपने हॉर्न मारला आणि मी पेन टाकून उठले. मागच्या खोलीच्या दारापर्यंत गेले, कडी काढली, तेव्हा लक्षात आलं की आत कोणी नाही. जुनी रजिस्टरं आहेत आणि छताच्या कडीला झोळीच्या दोरीचा तुकडा तसाच लटकलेला आहे. तिथेच मला रडू आलं. तुम्ही गेल्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे गेलात, तेव्हा हिशेब लिहिण्याच्या घाईत मी नुसतं ‘येते काका’ म्हटलं होतं. त्याची बोच आहे.

मी तुमच्याकडे कशी आले ते तुम्हाला अर्धंच माहीत आहे. त्याआधी तीन वर्षं मी तालुक्यातच एका ठिकाणी हिशेबाचं काम करत होते. त्या जागेचं नाव घेत नाही. तिथे ८ मार्चला आम्हा सगळ्या बायकांना गुलाबाचं फूल देऊन फोटो काढले होते. तेव्हा मला सहावा महिना होता. मे महिन्यात मी बाळंतपणाच्या रजेचा अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, ‘तुमची नोंद आमच्याकडे नाही, ठेकेदाराकडे आहे. आणि लेकरू झाल्यावर तुमचं लक्ष लागणार आहे का कामात?’ माझ्या जागी दुसरी मुलगी बघून ठेवली होती, आणि तिला काम शिकवायला मलाच सांगितलं. नववा महिना लागलेला, पाय सुजलेले, मी पंधरा दिवस तिला शिकवलं. तिचा काही दोष नाही.

कायदा मला फार उशिरा कळला. १९६१ साली झालेल्या मातृत्व लाभाच्या कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी पगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. आधीच्या वर्षभरात ८० दिवस काम झालेलं असलं की बाईचा त्या रजेवर हक्क असतो. कामावर परतल्यावर लेकरू पंधरा महिन्यांचं होईपर्यंत त्याला पाजायला दिवसातून दोन वेळा सुट्टी द्यावी लागते. हे वाचलं तेव्हा माझी मुलगी मांडीवर होती. जो कागद माझ्यासाठी त्रेसष्ट वर्षांपूर्वीपासून लिहून ठेवलेला होता, तो तीन वर्षं एकाही माणसाने मला दाखवला नाही, याचा मला अजूनही राग आहे. हे वाचणाऱ्या एखाद्या पोरीला तरी तो वेळेवर दिसावा म्हणून इथे लिहिलं.

मुलगी २०२४ च्या जूनमध्ये झाली, मिरगाच्या पहिल्या पाण्यासोबत. घरी चार एकर कोरडवाहू, त्यात कपाशी आणि तुरीच्या ओळी. कपाशी फुटली की आमच्याकडे घरात कोणी थांबत नाही. वेचणीच्या बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर किलोमागे मजुरी देता देता हातात काही उरत नाही. म्हणून सासूबाई वेचायला, यांची दिवसभर शेतात मेहनत आणि रात्री रानडुकरांसाठी जागल. अंगणवाडीत तीन वर्षांच्या पुढची लेकरं बसतात. तान्ह्या लेकराला दिवसभर ठेवायचं कुठे, याला गावात उत्तरच नाही. सगळे म्हणाले, यंदा घरीच राहा. प्रेमानेच म्हणाले. पण सोसायटीचं कर्ज घरी राहिल्याने फिटत नव्हतं.

दिवाळीनंतर जिनिंगवर हिशेबाला माणूस पाहिजे असं कळलं. मुलगी तेव्हा पाच महिन्यांची. आशाताईंनी बजावून सांगितलेलं की सहा महिने आईच्या दुधाशिवाय काही नाही, वरून पाणीसुद्धा नाही. दूध काढून ठेवावं तर आमच्या गावात लाइन कधी जाईल याचा नेम नाही. म्हणजे कामावर जायचं तर तिला घेऊनच. शेठजींना मी हे पहिल्याच दिवशी सांगितलं. ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, ‘मागची खोली रिकामी आहे, तिथपर्यंत रुई उडत नाही. बघा जमते का.’ त्यांचेही उपकार आहेतच.

पहिले दोन आठवडे कसे गेले ते तुम्ही काचेतून पाहत होतात, मला माहीत नव्हतं. सकाळी थंडीत नऊ किलोमीटर गाडीवर, तिला ओढणीने पोटाशी बांधून. ऑफिसात काटापट्ट्यांची थप्पी. एका शेतकऱ्याच्या पट्टीत वजन चुकलं तर त्याचे पैसे अडकतात, म्हणून मान वर करता येत नसे. आणि आत ती रडली की माझी ओढणी दुधाने भिजायची. समोर दहा पुरुष उभे. मी रजिस्टर छातीशी धरून उठायचे.

मशिनींच्या आवाजाची तिला दोन दिवसांत सवय झाली. तो आवाज एकसारखा असतो, त्यात ती झोपायची. हॉर्नने मात्र ती दचकायची. रांग गेटाच्या बाहेर डांबरी रस्त्यापर्यंत, ट्रॅक्टर, पिकअप, मॅटाडोर, मधेच एखादी बंडी, आणि पुढची गाडी हातभर सरकली की मागचे सगळे हॉर्न दाबत. ती थरथरून उठायची, दोन्ही हात हवेत, आणि मग एक तास रडायची. दुपारची झोप मोडली की संध्याकाळी पीत नसे, रात्री झोपत नसे. मी रात्री जागून सकाळी आकडे लिहायचे. तिसऱ्या सोमवारी मी नोकरी सोडायचं ठरवलं. शेठजींना सांगायचं वाक्यसुद्धा पाठ केलं होतं. यांनाही सांगितलं नव्हतं.

त्या सोमवारी दुपारी एक वाजून गेला आणि हॉर्न वाजलाच नाही.

मला वाटलं रांग संपली. खिडकीतून पाहिलं तर रांग होती तशीच. गेटाच्या खांबाला एक बारदान ताणून बांधलेलं होतं, आणि गाठींवर नंबर टाकतात त्या काळ्या शाईने त्यावर मोठाल्या अक्षरांत लिहिलेलं, ‘लेकरू निजलं हाय. हारन वाजवू नोका.’ खाली वेळ, १ ते ३. आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी झोळीचं चित्र. तुम्ही काटा दुसऱ्याच्या हाती देऊन, काठी घेऊन रांगेच्या शेवटापर्यंत चालत गेला होतात, प्रत्येक गाडीच्या खिडकीशी थांबत. तेव्हाही तुम्हाला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. ती अक्षरं तुम्ही किती वेळ बसून काढली असतील!

मी विचारायला आले तर तुम्ही काट्यावरून नजर न उचलता म्हणालात, ‘जाय माय, तुयं काम कर. रांग काई पळून नाई जात.’

ते वाक्य मी पाठ करून ठेवलेल्या वाक्याच्या जागी ठेवलं. राजीनामा दिला नाही. याच्याहून मोठं काही त्या दिवशी घडलं नाही, आणि माझ्या आयुष्यात याच्याहून मोठं काही कोणी केलेलंही नाही. मला कोणी पैसे दिले असते तर मी परत केले असते आणि मोकळी झाले असते. हे परत कसं करू?

रांगेतल्या माणसांबद्दलही मला लिहायचं आहे, कारण त्यांचे आभार मानायला दुसरी जागा नाही. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की भाव कापला जातो, १२ च्या वर गेला की माल घेत नाहीत, भाड्याची गाडी तशीच परत. माणूस आदल्या रात्रीपासून ट्रॉलीवर झोपलेला, पहाटेचं दव कापसावर पडू नये म्हणून स्वतःचं पांघरूण त्यावर टाकलेलं. त्याच्या जिवाला किती घोर असतो हे मला घरचं माहीत आहे. अशा माणसाने हॉर्न दाबला असता तर मी त्याला दोष दिला नसता. पण कोणी दाबला नाही. आठवड्याभरात तर नवीन आलेल्या ड्रायव्हरला रांगेतलेच लोक सांगायला लागले. एक आजोबा पावती घ्यायला आले तेव्हा त्यांच्या चपला दाराबाहेर होत्या. मी म्हटलं, आजोबा, इथे चपला चालतात. ते म्हणाले, ‘करकर करतेत ना बाई.’ संक्रांतीच्या आसपास कोणी बोरं ठेवून जायचं, कोणी तुरीच्या शेंगा. नाव कधी कळलं नाही. शिकलेल्या साहेबाला जे सुचलं नाही ते या माणसांना कोणी शिकवलं होतं?

एकदा मात्र मी तुम्हाला विचारलंच होतं की तुम्हाला हे सुचलं कसं. आठवतं का? तिला सहा महिने पूर्ण झाले होते आणि मी पहिल्यांदाच मुगाच्या डाळीचं पाणी वाटीत आणलं होतं. तुम्ही खिडकीशी उभे होतात. म्हणालात, ‘आमची बाई लेकरू बाभळीखाली झोळीत टाकून वेचाले जाय. ते रडे, अन् मुकादम वरून बोले. मी तिथंच ओझे वाहत होतो. मी काई बोललो नाई तवा.’ मग तुम्ही काट्याकडे निघून गेलात. काका, तुम्ही ते मनात इतकी वर्षं धरून ठेवलंत. काकूंना हे पत्र ऐकवाल तेव्हा ही ओळ गाळू नका.

आणि मार्च महिन्यातली गोष्ट. हंगाम संपत आला, शेठजींनी मला बारमाही ठेवायचं बोलून दाखवलं, पण सोबत दुसऱ्या तालुक्यातल्या युनिटचा हिशेबही बघायचा, आठवड्यातून तीन दिवस तिकडे, एका बाजूने चाळीस किलोमीटर. पगार चांगला होता. तिला नुकतंच नऊ महिन्यांचं गोवर-रुबेलाचं इंजेक्शन दिलं होतं, अंगात कणकण होती, मला सोडत नव्हती. दोन रात्री मी ‘हो’ आणि ‘नाही’ यांच्यात लटकले. हो म्हटलं तर लेकराला सोडलं, नाही म्हटलं तर पुन्हा बेकार. घरात जो तो आपलं मत सांगत होता. तुम्हाला सांगितलं तर तुम्ही विडीचं बंडल खिशात परत ठेवत म्हणालात, ‘इथलं हो म्हण, तिथलं नाई म्हण. दोन गोष्टी हायेत, एकच कायले समजतं?’

मला खरंच ते तोवर दिसलं नव्हतं. ज्याला कोणी कधी अर्ध्यावर हो म्हणू दिलं नाही त्याला दिसतही नाही. मी शेठजींसमोर तसंच बोलले, हात थरथरत होते. त्यांनी दुसऱ्या युनिटसाठी दुसरा माणूस ठेवला आणि मला इथे बारमाही केलं, पगार बोलले होते त्याहून थोडा कमी. मी आनंदाने घेतला. आता त्या पगारातून आम्ही वेचणीच्या बाया लावतो आणि सासूबाई घरी नातीजवळ राहतात. त्यांचे गुडघे गेलेले आहेत, त्यांनाही वाकणं सुटलं.

नवीन पोराला मी त्या बारदानाबद्दल सांगितलं. त्याने विचारलं, पुन्हा बांधायचं का? यंदा हमाली करणाऱ्या एका बाईचं चार महिन्यांचं लेकरू आहे, ती त्याला बहिणीकडे ठेवून येते आणि दुपारी धावत जाऊन पाजून येते. मी शेठजींशी बोलले आहे. खोली उद्या झाडून घेते, कडीला नवी दोरी लागेल. जुनं बारदान मात्र मी देणार नाही. ते माझ्या घरी आहे, धुतलेलं नाही, शाई तशीच आहे. त्यांच्यासाठी मी दुसरं लिहीन. झोळीचं चित्र तुमच्यासारखं जमणार नाही, तेवढं तुम्हीच काढून द्या.

ती आता सतरा महिन्यांची आहे, चालते, शेळीच्या मागे पळते. तुमच्या लेकीच्या गावी रविवारी यायचं म्हणतो आम्ही तिघं. सकाळी या म्हणा की संध्याकाळी, नातवाच्या हाती निरोप द्या. फक्त एक ते तीन नको, ती अजून त्याच वेळेला निजते.

तुमची,
ऑफिसातली बाई