विषय: बॅफिलोमायसिन ए1 ची निकामी कुपी

व्यवस्थापक,

आज तुमच्या तांत्रिक मदत विभागाला चौथा फोन केला. पाचवा करणार नाही, म्हणून हे पत्र.

बॅफिलोमायसिनची, म्हणजे पेशीतलं पचन थांबवणाऱ्या औषधाची, तुमची कुपी मुंबईहून रत्नागिरीला यायला सहा दिवस लागले. परशुराम घाटात वाहतूक अडलेली, पार्सल वाटेतच पडून. खोकं उघडलं तर बर्फाच्या पिशव्यांचं कोमट पाणी झालेलं. लेबलवर ‘उणे 20 अंशांत ठेवा’ हे तुम्हीच छापलंय. त्याच दिवशी फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘वापरून बघा.’

वापरलं. हेला पेशींना (प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी कर्करोगाच्या पेशी) 100 नॅनोमोलर, चार तास. शेजारच्या प्लेटमध्ये आमच्या जुन्या कुपीतलं उरलेलं. जुन्याने लायसोसोमचा, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशवीचा, आम्लता टिकवणारा प्रोटॉन पंप बंद पाडला, आतली आम्लता गेली, आम्लता दाखवणाऱ्या लायसोट्रॅकर रंगाचे लाल ठिपके विझले, ब्लॉटवर (प्रथिनं तपासायची चाचणी) एलसी3-II या प्रथिनाचा बँड जाड आला. तुमच्या कुपीने ठिपके लालभडकच राहिले आणि बँड औषध न घातलेल्या पेशींइतकाच फिका. तीनदा केलं, तीनदा तेच.

यावर तुमचे गृहस्थ म्हणतात, “सर, हे इनहिबिटर आहे ना? एलसी3 वाढलं नाही म्हणजे ऑटोफॅजी थांबली. माल बरोबर आहे.”

अहो, ऑटोफॅजी म्हणजे पेशीने स्वतःचाच कचरा पचवणं. एलसी3-II तो कचरा गुंडाळणाऱ्या पिशवीवर, ऑटोफॅगोसोमवर, बसतं आणि लायसोसोममध्ये पचतं. पचन थांबलं की ते साचतं, गटार तुंबलं की पाणी चढतं तसं. पाणी चढलंच नाही, म्हणजे गटार वाहतंय! 3-एमए हे दुसरं औषध ऑटोफॅगोसोम बनण्याआधीच अडवतं, बॅफिलोमायसिन शेवटी अडवतं. दोन्ही तुम्हीच विकता, आणि फोन उचलणाऱ्याला हा फरक ठाऊक नाही?

मग म्हणाले, “ब्लॉट चुकला असेल.” लायसोट्रॅकरचं काय, विचारलं. “कोकणात हवा दमट असते सर, मायक्रोस्कोप तपासून घ्या.” त्याच हवेत, त्याच मायक्रोस्कोपखाली जुन्या कुपीने ठिपके विझले ते कसे? यावर आधी होल्ड, मग फोन कट.

माझी एमएस्सीची विद्यार्थिनी रोज देवरुखहून एसटीने येते. पुढच्या महिन्यात तिला प्रबंध द्यायचाय. तीन आठवडे ती स्वतःच्याच हाताला दोष देत होती. याचा मला सगळ्यात जास्त राग आहे.

नऊ वर्षं तुमचाच माल घेतला, डोळे मिटून. आठ दिवसांत ड्राय आइसमध्ये नवी कुपी पाठवा, नाहीतर पैसे परत करा. दोन्ही झालं नाही तर हे पत्र ब्लॉटच्या फोटोंसकट आमच्या खरेदी समितीपुढे ठेवीन आणि ग्राहक आयोगाकडेही जाईन.

आणि कुपी पोचली तेव्हा बर्फ वितळलेला होता. हे पुन्हा लिहितोय, कारण चारही फोनवर ते कोणी नोंदवून घेतलं नाही.