त्या थेरपिस्ट ताईंना

ताई,

बाबांना ताटातली चटणी दिसायला लागली. आधी हेच कळवायचं होतं.

स्ट्रोक मेंदूच्या उजव्या बाजूला झाला, हातपाय वाचले, म्हणून सगळ्यांनी आम्हाला नशीबवान ठरवलं. आधीच्या हॉस्पिटलात राउंडवरचे साहेब पलंगाच्या डाव्या बाजूला उभे राहून प्रश्न विचारायचे. उत्तर आलं नाही की फाइलवर शेरा, ‘सहकार्य करत नाहीत’. पलंगाला वळसा घालून बघावं असं एकालाही वाटलं नाही. पुढे चांदण्यांचा कागद दिला. 54 लहान चांदण्या खोडायच्या, 44च्या खाली गेलात तर एका बाजूचं सुटतंय अशी शंका. बाबांचा जन्म हिशेब तपासण्यात गेलेला. शांत खोलीत, सावकाश, ते पास झाले. शेरा, ‘नॉर्मल’!

घरी हे नॉर्मल गृहस्थ भाजी-आमटी संपवायचे, डावीकडची चटणी-कोशिंबीर जशीच्या तशी, आणि वर आईलाच विचारायचे, “चटणी वाढली नाहीस?” डावा खांदा रोज चौकटीवर आपटायचा. डोळे तपासले, तर नजर स्वच्छ. नातेवाइकांचं निदान तयारच होतं: म्हातारपणी हट्टी झालेत.

तुम्ही व्हीआरचा, म्हणजे डोळ्यांपुढे आभासी जग उभं करणारा, हेडसेट चढवलात आणि बाबांना थेट रहदारीत उभं केलंत. उजवीकडून येणारी प्रत्येक गाडी त्यांनी टिपली. निम्मा रस्ता ओलांडला आणि डावीकडून बस आली. मान वळलीच नाही. माझ्या पोटात गोळाच आला, कारण आपल्याकडे खऱ्या रस्त्यावरही पलीकडच्या अर्ध्या भागात गाड्या डावीकडूनच येतात. हे कागदावर कुठून कळणार? कागद हाताच्या अंतरावर निमूट पडून असतो. रस्त्यावर लांबचं, जवळचं, हॉर्न, सगळं एकदम सांभाळावं लागतं.

पण पत्र त्या यंत्रासाठी नाही. तुम्ही हेडसेट उतरवलात, बाबांचा चष्मा ओढणीने पुसून त्यांना घातलात, स्टूल ओढून त्यांच्या उजव्या बाजूला घेतलंत आणि बसलात. आई आणि मी समोरच होतो, तरी बोललात त्यांच्याशीच. “काका, डोळे बघतायत, पण मेंदू डावीकडची दखल घेत नाहीये. हा हट्ट नाही.” आईच्या डोळ्यांना धार लागली. बाबांनी इतक्या महिन्यांत पहिल्यांदा कुणाला तरी उलट प्रश्न विचारला, “मग आता काय करायचं?”

यंत्रं काय, आज ना उद्या सगळीकडे येतील. स्टूल तर आजही प्रत्येक वॉर्डात असतं. माणसाच्या शेजारी ते टेकून बसायला ना डिग्री लागते ना बजेट, तरी ते का होत नाही, हे मला अजून उमगलेलं नाही.

तुम्ही सांगितलेली लाल पट्टी ताटाच्या डाव्या कडेला चिकटवली आहे. ती दिसेपर्यंत नजर न्यायची, मग घास. आई रोज आठवण करते, बाबा रोज वैतागतात, पण चटणी संपते. पुढच्या तपासणीची त्यांना आमच्यापेक्षा जास्त घाई झालीय. तुम्हाला निरोप दिलाय: “त्या पोरीला सांग, या खेपेला बस मी आधी बघणार.”

तुमची,
त्या काकांची मुलगी