फोटो कुठे लावायचा?

इंदूर
शुक्रवार, रात्री

प्रिय एस्तर,

सलाम. दिवाळीपासून एक ओळ नाही म्हणून शिव्या घालत असशील, घाल. माझा गुडघा तसाच, ह्यांची साखर आटोक्यात, बाकी देवाची कृपा. मुद्द्यावरच येते. हे मी इथे कुणापाशी बोलले तर सकाळी पोह्यांच्या गाडीवर पोचलेलं असेल.

पाळकसाहेबांना जाऊन वर्ष होतंय. कमिटीने त्यांचा फोटो मोठा करून आणला, सोनेरी चौकटीत, चांगला पुरुषभर उंच. तोच गं, पांढऱ्या झग्यातला, चष्मा नाकावरून घसरलेला. बघितला आणि मला रडू आलं. तेवढ्यात भास्करदादा म्हणाले, व्यासपीठामागे क्रुसाच्या शेजारी लावू, वर दिवा आणि हारासाठी खिळा. तिथे मी तोंड उघडलं.

सभागृहात लावा, वाचनालयात लावा, तिथे नको, एवढंच म्हटलं. १८७७ साली कॅनडाहून मिशनरी इंदुरात आले, त्यांच्यापैकी तरी कुणाला आपण क्रुसाशेजारी बसवलंय का? झालं! "ज्यांनी तुझ्या पोरांना बाप्तिस्मा दिला त्यांना एक भिंत द्यायला जड जातंय?" इति दादा. मागून कुणीतरी म्हणालं, राजवाड्यासमोर अहिल्याबाईंचा पुतळा आहे, पालखी निघते, अख्खं इंदूर हात जोडतं, आपणच काय ते कोरडे. मी म्हटलं, अहिल्याबाईंचंच घ्या ना! हुकुमावर स्वतःचं नाव न घालता 'श्रीशंकर' लिहायच्या, असंच शिकलो ना आपण शाळेत? राज्य त्या चालवायच्या आणि सही मालकाची. सगळे गप्प. मग वत्सलाकाकू म्हणाल्या, "चहा टाकू का?"

मान देऊ नका असं मी कुठे म्हणतेय? इब्री लोकांस पत्राचा तिसरा अध्याय काढून बघ. मोशेला तिथे कुणी कमी लेखलेलं नाही. देवाच्या सगळ्या घरात विश्वासू, पण चाकर. ख्रिस्त पुत्र, त्या घरावर नेमलेला. घरापेक्षा ते बांधणाऱ्याचा मान मोठा. पहिल्या अध्यायात तर देवदूतांचाही हिशेब चुकता केलाय, तेही पुत्राला नमन करणारेच. (देवदूतांबद्दल माझं मत तसंही फारसं बरं नाही. नाताळच्या नाटकात तू गब्रिएल आणि मी मेंढरू. ते पंख माझ्या आईने शिवले होते, हे तू अजून मान्य करत नाहीस.)

मला झोपू देत नाही तो पितळेचा साप. मोशेने देवाच्याच सांगण्यावरून केला, त्याच्याकडे बघून माणसं जगली. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्यालाच धूप जाळायला लागले आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. मोशेच्या हातचा! वस्तू वाईट नव्हती, चांगली होती म्हणून तर इतकी जपली. आणि खुद्द मोशेची कबर कुठे आहे ते कुणाला ठाऊक नाही, बायबलातल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या शेवटी लिहिलंय. मला वाटतं देवाने ते मुद्दाम केलं. नाहीतर तिथेही आपली कमिटी खिळा ठोकायला गेली असती.

पाळकसाहेबांचंच आठव. कुणी पाया पडायला वाकलं की दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घ्यायचे, चपला बाहेरच राहायच्या, आणि कर्नेल्याची गोष्ट सुरू. पेत्र त्याला म्हणाला ना, ऊठ, मीही माणूसच आहे. त्या माणसाला आता भिंतीवरून पाय ओढून घेता यायचे नाहीत. हे मी बैठकीत म्हणाले असते तर बरं झालं असतं, पण सुचलं घरी, भांडी घासताना.

आता खरं दुखणं. उठता उठता दादा म्हणाले, "तुझा राग जुना आहे, करुणा." तो ईस्टर. माझ्याकडून गाणं काढून पाळकसाहेबांनी दुसरीला दिलं आणि पावसाळा सरेपर्यंत मी चर्चची पायरी चढले नाही. तू ओढून नेलंस, वाटेत रिक्षात आपण कडाकडा भांडलो. तो रिक्षावाला "दीदी, पहले तय कर लो" म्हणाला होता, आठवतंय? मी समजत होते राग गेला. पण गेलाय का, हे इथे फक्त मला माहीत आणि तिकडे तुला.

आणि उलटंही आहे. प्रार्थनेला डोळे मिटले की कानात आवाज त्यांचा. 'हे दयाळू बापा' म्हणताना मी अजून त्यांच्यासारखीच थांबते. कधी कधी प्रभूशी बोलतेय की पाळकसाहेबांना ऐकवतेय, कळत नाही. म्हणजे दादांना निदान खिळा तरी लागतो.

रविवारी उपासनेनंतर पुन्हा बैठक आहे. मी मागे हटणार नाही, ते ठरलंय. पण मी बोलले ते ख्रिस्ताच्या मानासाठी की त्या गाण्यासाठी? सरळ लिही. फोन करू नकोस, फोनवर तू माझ्या होला हो करतेस.

नातीचं नाव ठरलं का? सुनेला म्हणावं अळीव खा. तुझी मोतीबिंदूची तारीख कळव, मी नगरला येईन. मधूची बदली झाली की नाही? रतलामी शेव पाठवतेय, जिरावण वेगळं बांधलंय. ते पोह्यांवर घालायचं असतं, मागच्यासारखं वरणात ओतू नकोस.

तुझी,
करुणा