सव्वापाचच्या बसने निघून जाणाऱ्या खेळाडू

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

२ नोव्हेंबर २०२५ रोजी भारतीय महिलांनी नवी मुंबईत दक्षिण आफ्रिकेला हरवून एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला, तेव्हापासून महिला खेळाडूंच्या मानधनाची, बक्षिसांची आणि पुरुषांच्या तुलनेत त्यांना मिळणाऱ्या पाठबळाची चर्चा आपल्या दैनिकासह सगळीकडे सुरू आहे. ती व्हायलाच हवी. क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये स्त्री-पुरुषांचे सामन्याचे मानधन सारखे केले, म्हणजे कसोटीसाठी १५ लाख, एकदिवसीय सामन्यासाठी ६ लाख आणि टी-ट्वेंटीसाठी ३ लाख रुपये. मात्र त्याच हंगामात वार्षिक कराराच्या सर्वोच्च श्रेणीत पुरुषांना ७ कोटी आणि महिलांना ५० लाख रुपये होते. हे अंतर मोठे आहे आणि त्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला ज्या अंतराबद्दल लिहायचे आहे ते यवतमाळ जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून २९ वर्षे काम करताना मी रोज पाहिले आहे, आणि त्याचा पैशाशी संबंध तुलनेने कमी आहे.

क्रिकेट सोडून इतर खेळांकडे पाहिले तर सरकारी मदत वरच्या पायरीवर मुलगा-मुलगी असा भेद करीत नाही. ऑलिम्पिकच्या तयारीसाठी निवडलेल्या मुख्य गटातील खेळाडूला केंद्राच्या योजनेतून दरमहा ५० हजार रुपये भत्ता मिळतो आणि ‘खेलो इंडिया’साठी निवड झालेल्या खेळाडूला दरमहा १० हजार रुपये हातखर्च मिळतो; दोन्ही रकमा दोघांना सारख्याच आहेत. भेद आहे तो या यादीत नाव लागण्याच्या आधीच्या वर्षांत. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील अशा तीन गटांत होतात. १४ वर्षांखालील मुलींचा कबड्डीचा संघ निवडताना मला मुली नाकाराव्या लागत, १७ वर्षांखालील संघ जेमतेम पूर्ण होई आणि १९ वर्षांखालील संघासाठी घरोघरी जाऊन विनवण्या कराव्या लागत. मुलांच्या बाबतीत मात्र वयाबरोबर गर्दी वाढत जाई. चौदाव्या वर्षी चपळाईत मुलांच्या बरोबरीने असणाऱ्या या मुली दोन-तीन वर्षांत कुठे जातात, याचे उत्तर शोधायला मला फार लांब जावे लागले नाही.

राज्यातील १२५ मागास तालुक्यांत मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बस धावतात आणि त्यातून मुली विनातिकीट शाळेत येतात. या बसने आमच्या भागातील शेकडो मुलींचे शिक्षण वाचवले, त्याबद्दल माझ्या मनात कृतज्ञताच आहे. परंतु ही बस शाळेच्या घंटेला बांधलेली आहे. आमच्याकडे पाचला शाळा सुटे आणि सव्वापाचला बस निघे. मार्चपासून पाऊस लागेपर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरच्या उकाड्यात विदर्भातील मैदानावर खरा सराव ऊन उतरल्यावरच होतो, म्हणजे नेमका बस गेल्यानंतर. मुले थांबत आणि कोणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून सात-साडेसातला घरी जात. मुली खिडकीतून मैदानाकडे पाहत निघून जात. रोजचा दीड तास आणि वर्षाचे दोनशे दिवस धरले तर हे तीनशे तास होतात, आणि आठवी ते दहावी या तीन वर्षांचे नऊशे. एवढा सराव एकाला मिळाला आणि दुसरीला मिळाला नाही, तर पुढे निवड चाचणीत दिसणारा फरक अंगच्या गुणांचा आहे असे कोणत्या तोंडाने म्हणायचे?

आठशे मीटर धावणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीच्या घरी मी तिला सरावासाठी थांबू द्यावे म्हणून गेले होते. दिवस कापूस वेचणीचे होते. आई नुकतीच शेतातून आली होती. ती म्हणाली, “मॅडम, पोट्टी पयते तं मले बी बरं वाटते, पन फाट्यापासून घरापर्यंत अंधारात एकटी येते, ते कोन पाह्यन?” या प्रश्नावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. ती बाई मागासलेल्या विचारांची होती असे कृपया कोणी समजू नये. फाट्यापासून गावापर्यंतच्या दोन किलोमीटरवर एकही दिवा नव्हता, आणि तिने आपल्या जागी योग्य तोच निर्णय घेतला होता.

विदर्भातील मुली चमकत नाहीत असे नाही. नागपूरची दिव्या देशमुख जुलै २०२५ मध्ये बातुमी येथे बुद्धिबळाचा महिला विश्वचषक जिंकून ग्रँडमास्टर झाली. नागपूरच्याच मालविका बनसोडने जानेवारी २०२२ मध्ये सायना नेहवालला हरवले. दोघींच्या कष्टांबद्दल मला अपार आदर आहे, पण दोघीही शहरातल्या आहेत आणि दोघींच्याही घरी आई-वडील डॉक्टर आहेत, याची नोंद घ्यावी लागते. मुलीचा प्रवास, आहार आणि प्रशिक्षण पेलणारे घर त्यांच्या मागे उभे होते. असे घर नसलेल्या मुलीच्या मागे कोणी उभे राहायचे, एवढाच प्रश्न आहे.

संधी सारखी मिळाली तर काय घडते, याचे उदाहरण आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याची अदिती स्वामी आणि आपल्या नागपूरहून साताऱ्याला जाऊन राहिलेला ओजस देवतळे एकाच प्रशिक्षकाकडे, एकाच मैदानावर तिरंदाजी शिकले, आणि ५ ऑगस्ट २०२३ रोजी बर्लिनमध्ये एकाच दिवशी दोघेही आपापल्या गटात विश्वविजेते झाले. अदिती तेव्हा १७ वर्षांची होती. म्हणजे ज्या वयात आमच्या मुलींचे संघ मोडतात, त्याच वयात. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये भारताला मिळालेली दोन्ही पदके पी. व्ही. सिंधू आणि साक्षी मलिक या मुलींचीच होती. अमेरिकेने १९७२ मध्ये कायदा करून सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत मुलींना डावलण्यास बंदी घातली. त्यानंतर शाळा-महाविद्यालयांच्या मैदानांवर वाढलेल्या पिढ्यांतून टोकियो ऑलिम्पिकमध्ये त्या देशाच्या ११३ पदकांपैकी ६६ महिलांनी आणली. मुलींना दिले तर मुलांचे कमी होईल, अशी शंका आमच्या शालेय समितीच्या बैठकीतही मी ऐकली आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात लंडन आणि सोची ऑलिम्पिकची पदके तपासली गेली, तेव्हा स्त्री-पुरुष समानता अधिक असलेल्या देशांत महिलांबरोबर पुरुषांनाही अधिक पदके मिळालेली आढळली.

आहाराविषयीही थोडे लिहिणे आवश्यक आहे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आहे. मुलांमध्ये हे प्रमाण ३१ टक्के आहे. रक्तात हिमोग्लोबिन कमी असेल तर स्नायूंना प्राणवायू कमी पोहोचतो, आणि धावणारी मुलगी शेवटच्या फेरीत मागे पडते. तिला दम नाही असे आम्ही शिक्षकही म्हणत आलो. मीही म्हटले आहे, आणि त्याची मला खंत आहे. शाळेत आठवड्याला दिली जाणारी लोहाची निळी गोळी मुली खरोखर घेतात का आणि खेळणाऱ्या मुलींचे रक्त वर्षातून दोनदा तपासले जाते का, एवढे पाहिले तरी पुष्कळ फरक पडेल. पाळीबद्दल तर मुली पुरुष प्रशिक्षकाशी बोलतच नाहीत; त्या नुसत्या गैरहजर राहतात आणि हजेरीवरून संघाबाहेर जातात. टोकियो ऑलिम्पिकला आलेल्या प्रशिक्षकांमध्येही महिला फक्त १३ टक्के होत्या. मग तालुक्याला महिला प्रशिक्षक कुठून मिळणार, असे कोणी म्हणेल. परंतु आमच्या भागात शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन घरी बसलेल्या मुली आहेत आणि मानधनावर त्या आनंदाने येतील.

माझ्या निवृत्तीच्या आधीच्या हिवाळ्यात काही पालकांनी वर्गणी काढून सायंकाळी सात वाजता मुलींना गावोगावी सोडण्यासाठी एक काळी-पिवळी ठरवली होती. जीपच्या फेऱ्या चार महिने चालल्या. त्या वर्षी आमच्या शाळेचा १७ वर्षांखालील मुलींचा कबड्डी संघ पहिल्यांदाच विभागीय स्पर्धेपर्यंत गेला. पुढच्या हंगामात कापसाला भाव मिळाला नाही, वर्गणी जमली नाही, जीप बंद झाली आणि तो संघ तालुक्याच्या स्पर्धेतही उतरू शकला नाही. मुली त्याच होत्या, शाळा तीच होती.

म्हणून जिल्हा नियोजन समिती आणि परिवहन महामंडळ यांना आपल्या पत्रातून माझी विनंती आहे की, मानव विकासच्या बसची प्रत्येक मार्गावर आठवड्यातून किमान तीन दिवस सायंकाळी सात वाजता एक जादा फेरी ठेवावी, ती फाट्यावर न थांबता गावात जावी, आणि तालुका क्रीडा संकुलात त्या वेळेपर्यंत दिवे, मुलींसाठी कडी लागणारे स्वच्छतागृह व एक महिला मार्गदर्शक असावी. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोपर्यंत वेळापत्रक बदलले, तर यंदा आठवीत येणाऱ्या मुलींना दहावी होईपर्यंत पूर्ण तीन वर्षे मैदानावर थांबता येईल.

आपली विश्वासू,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका
जि. यवतमाळ