लोला, आधी भात लावलात म्हणून

प्रिय लोला (म्हणजे आजी),

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे तुम्हाला काही वाचता येणार नाही. फोनवर माझ्या मोडक्यातोडक्या तागालोग भाषेत सांगेनच. पण मार्च २०२० मध्ये मनिलात टाळेबंदी लागली, विमानं थांबली, खानावळीला कुलूप पडलं, तेव्हा साताऱ्याच्या या भाडेकरू पोरीला कोणी जेवू घातलं, हे आमच्याकडच्या लोकांनाही कळू दे.

साठीपुढच्यांना बाहेर पडायला बंदी आणि घरात पास एकच, तो माझ्याकडे. मी तांदूळ आणि आलं आणायची, तुम्ही लुगाव शिजवायचा. लुगाव म्हणजे आपली पेजच, फक्त आल्याचा ठसका जास्त. माझ्यासाठी त्यात कोंबडी घालायची नाही, हे एकदाच सांगावं लागलं. टेबलावर तो खरखरणारा ट्रान्झिस्टर, काटा ८४६ वर कायमचा चिकटलेला: रेडिओ वेरितास. चर्चमध्ये मिस्सा बंद, म्हणून रविवारची मिस्सा रेडिओवर. मी भांडं आदळलं की तुम्ही डोळे वटारायचा.

मला ते नुसतं प्रार्थनांचं स्टेशन वाटायचं. मग ५ मेच्या संध्याकाळी सरकारी हुकमानं एबीएस-सीबीएन हे मोठं टीव्ही केंद्र बंद पडलं. टीव्ही काळा झाला. तुम्ही काही न बोलता रेडिओचा आवाज वाढवलात आणि त्या रात्री सगळं सांगितलंत.

चर्चचं हे केंद्र १९६९ साली सुरू झालं. ऑगस्ट १९८३ मध्ये विमानतळावर विरोधी नेते बेनिग्नो अकिनोंना गोळी घातली, तेव्हा बाकीची केंद्रं मूग गिळून बसली. अंत्ययात्रा तुम्ही वेरितासवरच ऐकलीत. मग २२ फेब्रुवारी १९८६, शनिवारची रात्र. संरक्षणमंत्री एन्रिले आणि जनरल रामोस हुकूमशहा मार्कोसवर उलटले होते आणि लष्करी छावणीत अडकून पडले होते. मनिलाचे आर्चबिशप कार्डिनल सिन वेरितासवरून म्हणाले, एड्सा रस्त्यावर जा, त्यांना सांभाळा, खायला न्या.

"मग मी आधी भात लावला," तुम्ही म्हणालात, "आणि नंतर चपला शोधल्या."

पहाटे मार्कोसच्या सैनिकांनी वेरितासचा मालोलोस गावातला ट्रान्समीटर फोडला. राखीवातला, कमी ताकदीचा ट्रान्समीटर काही तास तगला, मग तोही गेला. रस्त्यावर लाखो माणसं आणि तुमच्या कानाशी नुसती खरखर. मध्यरात्रीनंतर वेरितासच्या निवेदिका जून कीथली यांचा आवाज पुन्हा आला तो दुसऱ्याच केंद्रावरून, 'रेडिओ बँडिडो' या नावानं. हे सांगताना तुम्ही ट्रान्झिस्टर खरोखर कानाला लावलात आणि अंगठ्यानं हळूहळू काटा फिरवून दाखवलात. एरवी त्या काट्याला मला हातसुद्धा लावू द्यायचा नाहीत!

२५ तारखेला मार्कोस पळाले. त्याच वर्षी वेरितासला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आदल्या वर्षी आमच्या बाबा आमट्यांना मिळाला होता, असं मी अभिमानानं सांगितलं, तर तुम्ही विचारलंत, "त्यांचंही रेडिओ स्टेशन होतं का?"

जूनमध्ये मला परतीचं विमान मिळालं, तेव्हा दोन महिन्यांचं भाडं थकलं होतं. तुम्ही ते घेतलं नाहीत. उलट केळीच्या पानात बांधलेला भात हातात दिलात. विमानात उघडला, तेव्हा तो अजून कोमट होता.

ते भाडं आता पाठवतेय. या वेळी परत करू नका.

तुमची,
वरच्या खोलीतली